शिकागोच्या बाजारात विकलेला कर्ब



गेल्या आठवड्यात गावात एक जण येऊन गेला. नांगरट बंद करा, धसकटं जाळू नका, दहा वर्षांचा करार करा, कार्बन क्रेडिटचे पैसे खात्यावर येतील, असं सांगत होता. पारावरच्या निम्म्या लोकांना ही काहीतरी नवीनच भानगड वाटली. पण असाच बाजार वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत भरला होता आणि तिथल्या शेतकऱ्यांनी सह्याही केल्या होत्या. त्याचं पुढं काय झालं हे सही करण्याआधी माहीत असावं, म्हणून लिहितोय.

१९९७ साली क्योटो करार झाला. प्रगत देशांनी हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडायचा, यावर मर्यादा ठरली. अमेरिकेने तो करार मंजूर केला नाही. तरी आज ना उद्या तिथेही कायदा येणारच, या अंदाजावर रिचर्ड सँडर या अर्थतज्ज्ञाने शिकागो क्लायमेट एक्सचेंज उभं केलं. २००३ मध्ये सौदे सुरू झाले. फोर्ड, ड्यूपाँट, मोटोरोला अशा कंपन्या स्वखुशीने सभासद झाल्या. ज्याचा धूर ठरल्यापेक्षा जास्त, त्याने दुसऱ्याकडून क्रेडिट विकत घ्यायचं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड या हिशोबाने दर चाले.

इथे शेतकरी आला. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात विनानांगरणी पेरणी करणारे बरेच होते. एकट्याचा माल बाजारात जाईना, म्हणून आयोवा फार्म ब्युरो, नॉर्थ डकोटा फार्मर्स युनियन अशा संघटनांनी हजारो एकर एकत्र केले. एकराला वर्षाला ०.२ ते ०.६ टन असा दर भागानुसार ठरलेला. त्यातला २० टक्के हिस्सा राखीव, कारण उद्या कुणी नांगर घातला तर साठलेला कर्ब परत हवेत जाणार.

आता गोम बघा. प्रत्येकाच्या शेतातली माती तपासून हे टन ठरत नव्हते. तपासणीस काही निवडक शेतांवर जाऊन नांगरट झाली की नाही एवढं बघत. जे आधीपासूनच नांगरत नव्हते त्यांनाही पैसे मिळाले. मग हवेतला कर्ब जास्तीचा कमी झाला कुठे, असं टीकाकार विचारू लागले. त्यात २००७ मध्ये जॉन बेकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. विनानांगरणीत कर्ब वाढल्याचं दाखवणारे बहुतेक नमुने वरच्या ३० सेंटिमीटरचे किंवा त्याहून उथळ आहेत. खोलवर पाहिलं तर फरक तसा राहत नाही, असं त्यांनी मांडलं. वरच्या थरात कर्ब वाढतो, पण खालच्या थरात कमीही असू शकतो.

भावाचं तर विचारूच नका. सुरुवातीला टनाला डॉलरच्या आसपास असलेला दर २००८ च्या मध्यात सात डॉलरच्या वर गेला, कारण कायदा येणार अशी सगळ्यांची खात्री. जून २००९ मध्ये विधेयक खालच्या सभागृहात २१९ विरुद्ध २१२ असं जेमतेम पास झालं. सिनेटमध्ये अडकलं, २०१० मध्ये बारगळलं. दर दहा सेंटांच्या आसपास आला. वर्षअखेरीस सौदेच बंद. चांगल्या काळात एकराला तीन-चार डॉलर मिळवणाऱ्याच्या हाती पाच-सहा सेंट.

म्हणजे भाव शेतातल्या कामावर ठरत नव्हता, राजधानीतल्या मतांवर ठरत होता. विनानांगरणी करणाऱ्यांची माती मात्र कुठे गेली नाही. ओल टिकली, धूप थांबली, डिझेल वाचलं. ते पैसे कुठल्याच बाजाराने परत घेतले नाहीत.

आपल्याकडे २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली, २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट आणली. तेव्हा माणसं येत राहणार. आपला हिशोब आपण करून ठेवू. एक एकर, १५ सेंटिमीटर खोल माती साधारण ८०० टन भरते. सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.५ टक्के झाला तर वाढला ०.८ टन. त्याला ३.६७ ने गुणलं की जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तीन क्रेडिट, आणि तीही एका वर्षात नाही. आपल्या उन्हात एवढं वाढवायला काही वर्षं शेणखत, ताग, पाचट घालत राहावं लागतं.

म्हणून त्या माणसाला मी चार गोष्टी विचारल्या. माती कोण तपासणार आणि किती खोल? दर आज ठरणार की विकताना? मध्यस्थाचा वाटा किती? आणि करार चालू असताना हुमणी किंवा हरळीसाठी नांगर घालावाच लागला, तर वसुली कुणाकडून? पहिल्या दोनचं उत्तर मिळालं. उरलेल्या दोनसाठी साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.

तोवर पाचट मात्र मी जाळणार नाही. त्याला करार लागत नाही. तुमच्याकडे कुणी येऊन गेलं असेल तर काय उत्तरं मिळाली ते जरूर कळवा.