होगेबाइंटम : खत म्हणून विकलेली टेकडी

नेदर्लंड्सच्या उत्तर किनाऱ्यावरील फ्रीसलंड प्रांत तळहातासारखा सपाट आहे. लेवार्डन शहर सोडून उत्तरेकडे गेलें म्हणजे या सपाटींत एकाएकीं एक टेकडी दिसते व तिच्या माथ्यावर एक जुनें चर्च. हेंच होगेबाइंटम. वस्ती जेमतेम शंभराच्या आसपास. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारें 8.8 मीटर उंचीची ही टेकडी त्या देशांतील आपल्या जातीची सर्वांत उंच समजली जाते. नांवांतील 'होगे' या शब्दाचा अर्थच मुळीं उंच.

ही टेकडी निसर्गानें घडविलेली नव्हे. समुद्रास बांध पडण्यापूर्वीं भरतीचें पाणी या किनाऱ्यावर मोकाट शिरत असे. म्हणून ख्रिस्तपूर्व काळापासून तेथील रहिवाशांनीं चिखल, गुरांचें शेण, राख व केरकचरा यांचे थरावर थर देत आपली राहाण्याची जागा वर उचलली. अशा टेकाडास तेथें 'टेर्प' म्हणतात. आपल्या खेड्यांतील पांढरीची ती दूरची बहीणच. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत शेजारच्या किनाऱ्यावरील अशा लोकांची वस्ती वर्णिली आणि त्यांच्या दैन्याची कींव केली. ती कींव बरीचशी अस्थानीं होती. भोंवतालच्या खाजणांत गुरांना उत्तम चारा मिळे आणि त्यावर ही माणसें शतकानुशतकें टिकून राहिलीं.

अकराव्या शतकाच्या सुमारास बांध घालण्यास प्रारंभ झाला आणि उंच टेकाडाची निकड हळूहळू संपली. पुढें एकोणिसाव्या शतकांत कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं, शेणाराखेनें मुरलेली ही माती म्हणजे आयतें खत आहे. मग काय विचारतां! फ्रीसलंडभर टेकाडें कापलीं जाऊं लागलीं. पडावांत माती भरून कालव्यांतून दूरच्या निकस जमिनींकडे रवाना होऊं लागली. ज्या मातीनें पूर्वजांचे प्राण वाचविले, ती वंशजांनीं मापानें विकली. होगेबाइंटमचा मोठा भाग विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असाच गेला. चर्च व त्याभोंवतींचें स्मशान मात्र कोणास खणतां येईना. म्हणून तेवढा माथा उरला, आणि त्याची एक बाजू आज कड्यासारखी तुटलेली दिसते.

या विक्रींतून एक लाभ झाला, हें मान्य केलें पाहिजे. कुदळीखालीं मध्ययुगाच्या आरंभींचीं थडगीं निघालीं : कोठें अस्थिकलश, कोठें सांगाडे. लेवार्डनच्या संग्रहालयाचे बूलेस यांनीं अशा वस्तु जपून त्यांचा अभ्यास केला. मजुरांच्या हातून किती वस्तु मातीबरोबर शेतांत गेल्या, याची गणती कोण करणार?

चर्च बाराव्या शतकांतलें, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या सच्छिद्र दगडाचें. असा दगड फ्रीसलंडांत मिळत नाहीं. तो जर्मनींतून र्‍हाईन नदीच्या वाटेनें येई. आंत भिंतींवर मृत सरदारांच्या कुलचिन्हांचे सोळा लांकडी फलक आहेत. 1795 च्या क्रांतीनंतर त्या प्रांतांतील असे पुष्कळ फलक नष्ट झाले. येथें ते अद्याप टांगलेले आहेत, आणि दारापर्यंत जाण्यास टेकडीचा उंच चढ चढावा लागतो.