टोलेडोचे युद्ध : चुकलेला नकाशा, एक चाकू आणि तिसऱ्याची जमीन

अमेरिकेतील मिशिगन राज्याचा नकाशा एकदा उघडून पाहा. राज्याचे दोन तुकडे दिसतील. खालचा हातमोज्यासारखा, आणि त्याच्या डोक्यावर, पाण्यापलीकडे, आडवा पसरलेला दुसरा. हा वरचा तुकडा, म्हणजे 'अप्पर पेनिन्सुला', जमिनीने मिशिगनला कोठेच चिकटलेला नाही. तो चिकटला आहे शेजारच्या विस्कॉन्सिनला. दोन्ही तुकड्यांना जोडणारा मॅकिनॉ पूल वाहतुकीला खुला झाला तो थेट १९५७ साली. तोवर आपल्याच राज्याच्या दुसऱ्या भागात थेट जायचे तर मुख्य आधार नावेचाच होता.

असा विचित्र भूगोल एखाद्या राज्याच्या वाट्याला का यावा? उत्तर शोधत गेलो की आपण एका युद्धापाशी पोहोचतो. 'टोलेडोचे युद्ध' या नावाने ते ओळखले जाते. अमेरिकेच्याच दोन भागांनी एकमेकांविरुद्ध शिबंदी उभी केली, आणि साऱ्या प्रकरणात रक्त सांडले ते एकदाच, खिशातल्या छोट्याशा चाकूने. निदान पुस्तके तरी असे सांगतात. या 'एकदाच'कडे शेवटी पुन्हा येऊ.

प्रारंभ एका नकाशाने होतो. १७५५ साली जॉन मिचेल यांनी उत्तर अमेरिकेचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. तो इतका प्रतिष्ठित होता की १७८३ च्या पॅरिस तहाच्या वाटाघाटींतही तोच वापरला गेला. पण त्यात मिशिगन सरोवराचे दक्षिण टोक प्रत्यक्षापेक्षा बरेच उत्तरेला दाखवलेले होते. १७८७ मध्ये वायव्य प्रदेशाची भावी राज्ये कशी आखावीत याचा कायदा झाला, तेव्हा या टोकातून पूर्व-पश्चिम सरळ रेषा काढून तिच्या उत्तरेस वेगळी राज्ये करता येतील, असे ठरले. कागदावर ही रेषा मॉमी नदीच्या मुखाच्या बरीच वरून जात होती. प्रत्यक्षात ती मुखाच्या खालून जाते. नदीच्या मुखाशी उत्तम बंदर होण्याजोगी जागा होती. तेथेच पुढे टोलेडो हे गाव वसले.

१८०२ मध्ये ओहायोची राज्यघटना लिहिली जात असताना सरोवराचे टोक नकाशात आहे त्यापेक्षा खाली आहे, अशी कुणकुण प्रतिनिधींना लागली. एका शिकाऱ्याने हे सांगितले अशी कथा आहे. मंडळी सावध होती. त्यांनी घटनेतच एक कलम घातले : रेषा खाली आली तर आमची सीमा थोडी तिरपी करून मॉमीच्या खाडीच्या उत्तर टोकाला भिडवावी. अमेरिकी काँग्रेसने ओहायोला राज्य म्हणून स्वीकारले, पण या कलमावर स्पष्ट होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. १८०५ मध्ये मिशिगन टेरिटरी (राज्याचा दर्जा नसलेला प्रदेश) निर्माण करताना मात्र जुनीच सरळ रेषा धरली. पुढची तीस वर्षे कोणी हा गुंता सोडवला नाही. भर म्हणून १८१७ मध्ये ओहायोच्या म्हणण्याप्रमाणे एक मोजणी झाली आणि १८१८ मध्ये मिशिगनच्या म्हणण्याप्रमाणे दुसरी. दोन रेषांमध्ये पश्चिमेला सुमारे पाच मैल आणि पूर्वेला आठ मैल रुंदीची ४६८ चौरस मैलांची पाचर उरली. दोघेही तिला आपली म्हणत.

१८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि सरोवरांकाठची बंदरे थेट न्यूयॉर्कशी जोडली गेली. आता मॉमीचे मुख म्हणजे सोन्याची किल्ली. ओहायोने तेथपर्यंत आपला कालवा आणण्याचे मनसुबे रचले. त्याच सुमारास मिशिगनला राज्य व्हायचे होते.

मिशिगनच्या बाजूला होता स्टीव्हन्स मेसन. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी टेरिटरीचा सचिव झालेला हा तरुण १८३५ मध्ये काळजीवाहू गव्हर्नर होता, वय तेवीस. (मी त्या वयात प्रबंधाचा विषयसुद्धा ठरवू शकलो नव्हतो.) त्याने फेब्रुवारीत कायदा करून टाकला : या पट्ट्यात ओहायोच्या वतीने कोणतेही सरकारी काम करील त्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ओहायोचा गव्हर्नर रॉबर्ट लुकास हा मुरब्बी माणूसही मागे हटला नाही. त्याने सीमा नव्याने आखण्यासाठी भूमापक पाठवले. २६ एप्रिलला मिशिगनच्या शिबंदीने त्यांना गाठले, डोक्यावरून गोळ्या झाडल्या आणि नऊ जणांना पकडून नेले. कोणालाही गोळी लागली नाही.

टोलेडोत बेंजामिन स्टिकनी नावाचे एक गृहस्थ राहत. कधी काळी मूलनिवासी जमातींकडे नेमलेले सरकारचे प्रतिनिधी, ओहायोचे कट्टर पक्षपाती, आणि इतके विक्षिप्त की मुलांची नावे त्यांनी 'वन' आणि 'टू' ठेवली होती. १५ जुलै १८३५ रोजी मिशिगनचा उपशेरीफ जोसेफ वुड टोलेडोत अटकेसाठी आला. मद्यगृहात झटापट झाली आणि धाकट्या स्टिकनीने, म्हणजे 'टू'ने, त्याला चाकू मारला. वुड वाचला. 'टू' ओहायोच्या हद्दीत पळाला आणि लुकासने त्याला ताब्यात देण्यास साफ नकार दिला.

यापुढचा प्रसंग मला सर्वांत आवडतो. पट्ट्यावर आपला अंमल आहे हे सिद्ध करण्यासाठी ओहायोने तेथे नवा जिल्हा निर्माण केला (नाव अर्थातच 'लुकास') आणि ७ सप्टेंबरला टोलेडोत न्यायालय भरेल असे जाहीर केले. मिशिगनची शिबंदी तयार होतीच. म्हणून न्यायाधीश थोड्या सैनिकांसह रात्रीच निघाले आणि तारीख उजाडताच, पहाटेच्या काळोखात, एका शाळेत मेणबत्तीच्या उजेडात न्यायालय भरवून उरकून टाकले. कामकाजाची नोंद कागदाच्या चिटोऱ्यांवर झाली आणि लेखनिकाने ते चिटोरे आपल्या उंच टोपीत ठेवले. मग मंडळी विजय साजरा करायला गुत्त्यात शिरली. इतक्यात मिशिगनवाले आल्याची हूल उठली आणि न्यायसंस्था रानात पळत सुटली. वाटेत झाडाची फांदी लागून ती टोपी पडली. सार्वभौमत्वाचा पुरावा अंधारात चाचपडून शोधावा लागला. तो सापडला, म्हणून न्यायालय 'भरले'.

कायद्याने बाजू कोणाची होती? राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्याच महाधिवक्त्याने कौल दिला होता मिशिगनला. पण १८३६ ची निवडणूक तोंडावर होती. ओहायोपाशी राष्ट्राध्यक्ष निवडणारी २१ मते होती. मिशिगन टेरिटरीपाशी एकही नव्हते. ऑगस्टअखेर जॅक्सन यांनी मेसनला पदावरून काढले. त्या ऑक्टोबरात मिशिगनच्या मतदारांनी स्वतःची राज्यघटना मंजूर केली आणि त्याच मेसनला गव्हर्नर म्हणून निवडून दिले. काँग्रेसची मान्यता नसलेले हे राज्य वर्षभराहून अधिक काळ कारभार करत राहिले. मिशिगनच्या राजमुद्रेवर आजही रोमन अंकांत १८३५ कोरलेले आहे, १८३७ नव्हे.

शेवटी काँग्रेसने तोड काढली. १५ जून १८३६ चा कायदा म्हणतो : टोलेडोचा पट्टा सोडा, मोबदल्यात अप्पर पेनिन्सुलाचा पश्चिमेकडील बहुतांश भाग घ्या, आणि राज्य व्हा. सप्टेंबरमधील अधिवेशनाने हे धुडकावले, कारण तो प्रदेश त्यांच्या लेखी निव्वळ ओसाड रान होते. पण शिबंदीच्या खर्चाने खजिना रिता झाला होता आणि केंद्राची शिल्लक रक्कम फक्त राज्यांनाच वाटली जाणार होती. १४ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत दुसरे अधिवेशन भरले. त्याला 'हिमबाधित अधिवेशन' असे नाव पडले. त्याने मुकाट्याने होकार दिला आणि २६ जानेवारी १८३७ रोजी मिशिगन सव्विसावे राज्य झाले.

पुढचा भाग सहसा विनोदाच्या अंगाने सांगतात : हरलेल्याला लॉटरी लागली! राज्याचे भूवैज्ञानिक डग्लस हॉटन यांच्या १८४१ च्या अहवालाने वरच्या तुकड्यातील तांब्याची द्वाही फिरवली, मग लोखंडही सापडले, आणि अनेक दशके देशाच्या तांब्यात मिशिगनचा वाटा सर्वांत मोठा राहिला.

मात्र येथे तारखा नीट लावून पाहा. मार्च १८३६ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या तहाने ओडावा आणि ओजिब्वे लोकांनी पेनिन्सुलाचा पूर्व भाग, चॉकोले नदीपर्यंत, सोडला होता. नदीच्या पश्चिमेची जमीन, जिच्यात तांबे होते ती, जूनमध्ये काँग्रेसने 'मोबदला' म्हणून मिशिगनला दिली तेव्हा कोणत्याही तहाने सुटलेली नव्हती. ती ओजिब्वेंचीच होती. त्यांच्याकडून ती लिहून घेतली गेली ४ ऑक्टोबर १८४२ रोजी, ला पॉइंट येथे, म्हणजे भेट दिल्यानंतर सहा वर्षांनी आणि हॉटन यांच्या अहवालानंतर वर्ष-दीड वर्षाने. ओसाड म्हटलेल्या त्या रानातील तांबे तेथील लोक हजारो वर्षे ठोकून घडवत आले होते.

त्या तहात एक कलम असे होते की राष्ट्राध्यक्ष सांगतील तेव्हा ओजिब्वेंनी जमीन रिकामी करावी. १८५० मध्ये तसा हुकूम निघाला. त्यांना वार्षिक तनखा घेण्यासाठी मिनेसोटातील सँडी लेक येथे, हिवाळ्याच्या तोंडावर, बोलावले गेले. पैसे आणि धान्य वेळेवर आले नाही. रोगाने, उपासमारीने आणि परतीच्या वाटेवर थंडीने सुमारे चारशे माणसे दगावली. १८५४ च्या तहानंतर त्यांना आपल्या मुलखात राखीव जमिनी मिळाल्या. तेथे त्यांचे वंशज आजही राहतात.

ओहायो आणि मिशिगन यांच्या गव्हर्नरांनी १९१५ मध्ये नव्याने मोजलेल्या सीमेवर हस्तांदोलन केले. ईरी सरोवरातील रेषेचा उरलासुरला वाद सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मिटवला. आणि ऑंटोनॅगन नदीकाठची सुमारे सतराशे किलो वजनाची तांब्याची शिळा, जिला ओजिब्वे पूज्य मानत, १८४३ मध्ये वॉशिंग्टनला नेण्यात आली. ती परत मिळावी अशी मागणी त्यांच्या वंशजांनी केली होती. ती स्मिथसोनियन संग्रहालयातच आहे.