पिवळ्या लादीची कुळकथा

मेट्रोच्या फलाटावर, स्थानकातल्या जिन्यापाशी, नव्याने बांधलेल्या पदपथावर हल्ली पिवळ्या लाद्या दिसतात. काहींवर उठावदार गोल ठिपके, काहींवर लांब रेघा. पाय घसरू नये म्हणून किंवा शोभेसाठी त्या बसवल्या असाव्यात, असं अनेकांना वाटतं. दृष्टिहीन माणसासाठी मात्र ती पायांनी वाचायची लिपी आहे.

या लादीचं जन्मगाव जपानमधलं ओकायामा. तिथल्या सेइइची मियाके यांच्या एका स्नेह्याची दृष्टी हळूहळू जात होती. त्याला एकट्याने, निर्धास्तपणे रस्त्यावर चालता यावं या ओढीने मियाकेंनी १९६५ साली स्वतःच्या पैशातून असा ठोकळा घडवला. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर हे ठोकळे पहिल्यांदा बसवले गेले.

लिपी सोपी आहे. रेघा म्हणजे ‘याच दिशेने चालत राहा’. ठिपके म्हणजे ‘थांबा’: पुढे फलाटाची कड आहे, जिना आहे, रस्ता ओलांडायचा आहे किंवा वाट वळते आहे. बुटाच्या तळव्याला आणि पांढऱ्या काठीच्या टोकाला हा फरक कळतो. पिवळ्या रंगालाही कारण आहे. अंध म्हणवल्या जाणाऱ्या अनेकांना थोडंफार दिसतं, आणि करड्या जमिनीवर पिवळा पट्टा त्यांच्या चटकन नजरेत भरतो.

पण नुसत्या शोधाने फलाट सुरक्षित झाले नाहीत. १९७३ साली टोकियोच्या ताकादानोबाबा स्थानकात एक दृष्टिहीन माणूस फलाटावरून रुळांवर पडला आणि गाडीखाली दगावला. त्या फलाटाच्या कडेला ही लादी नव्हती. त्याच्या आईवडिलांनी रेल्वेला कोर्टात खेचलं. १९८६ मध्ये तडजोड झाली, तेव्हा स्थानकं सुरक्षित करण्याची जबाबदारी रेल्वेला पत्करावी लागली. तोवर वेगवेगळ्या कारखान्यांच्या लाद्यांवर वेगवेगळी नक्षी असे आणि चालणाऱ्याचा गोंधळ उडे. २००१ साली जपानने ठिपक्यांचा आणि रेघांचा आकार, उंची, अंतर ठरवून दिलं. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानेच झेब्रा क्रॉसिंगवर आणि फलाटांच्या कडांना अशा खुणा कोरायला सांगितलं होतं. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या पळवाटेसह. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्याच खटल्यात बजावलं की, सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा.

नियम कागदावर येतात, वाट जमिनीवर लागते. आपल्या पदपथांवर रेघांची ओळ झाडाच्या बुंध्याशी किंवा विजेच्या खांबाशी जाऊन थांबते. ठिपके हवेत तिथे रेघा बसवलेल्या असतात. चुकीची लादी ही लादी नसण्यापेक्षा घातक असते, कारण तिच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी पुढचं पाऊल टाकतं. म्हणून कंत्राटदाराचं बिल मंजूर करण्याआधी ही वाट पांढरी काठी वापरणाऱ्या माणसाकडून चालून तपासून घ्यायला हवी. आणि आपण सगळ्यांनी त्या पिवळ्या पट्ट्यावर स्कूटर लावू नये, सामान ठेवू नये, गाडीची वाट पाहत उभं राहू नये.