सैनिकी तंबू (अमेरिकेचे यादवी युद्ध, १८६१–६५)

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तर व दक्षिण या दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी वापरलेले कापडी निवारे आणि हिवाळी झोपड्या. चार वर्षांत मोहिमेवरचा तंबू आकाराने घटत गेला. आरंभी शिपायाचे घर खेचरांच्या गाडीतून त्याच्या मागून येई. पुढे ते त्याच्याच पाठीवर लादले गेले.

युद्धाच्या पहिल्या वर्षी छावण्यांची शान होता तो सिब्ली तंबू. हेन्री हॉपकिन्स सिब्ली या लष्करी अधिकाऱ्याने मैदानी प्रदेशातील आदिवासींचे टीपी नावाचे तंबू पाहून तो बेतला आणि १८५६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आकार शंकूचा, तळाचा व्यास १८ फूट, उंची १२ फूट. मधोमध एकच खांब, तोही लोखंडी तिवईवर टेकलेला; धूर जायला माथ्यावर भोक. बाराएक माणसे पाय खांबाकडे करून चाकाच्या आऱ्यांसारखी गोलाकार निजत, दाटी झाली की आणखी काही आत शिरत. पावसाळी रात्री दार आणि माथ्याची झडप बंद केली की सकाळपर्यंत आतली हवा कशी होई, याचे वर्णन मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यातील जॉन बिलिंग्ज याने युद्धानंतर तिखट शब्दांत लिहून ठेवले आहे. हे तंबू चाळीस हजारांहून अधिक बनले.

सिब्लीला दर तंबूमागे पाच डॉलर स्वामित्वधन ठरले होते. पण युद्ध सुरू होताच सिब्ली दक्षिणेला मिळाला आणि त्या पैशाला मुकला. म्हणजे उत्तरेची फौज शत्रूच्या एका सेनानीने बेतलेल्या तंबूत झोपत होती! पेटंटमधील त्याचा भागीदार विल्यम बर्न्स उत्तरेकडेच राहिला. त्याचा अर्धा वाटा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. सिब्लीची न्यू मेक्सिकोवरील स्वारी १८६२ मध्ये फसली, पुढे त्याने इजिप्तच्या खेदिवाची चाकरी केली आणि १८८६ मध्ये तो दारिद्र्यात वारला.

तंबू ऐसपैस असला तरी चालत्या फौजेला तो झेपणारा नव्हता. कापड, खांब, तिवया, मेखा हे सारे वाहायला गाड्या लागत. व्हर्जिनियाच्या चिखलात त्या रुतत आणि फौज खोळंबे. १८६२ पासून मोठे तंबू मागच्या तळांवर राहिले आणि शिपायाच्या हाती एक चौकोनी कापड आले.

हे दोघांचे पाल. कल्पना फ्रेंच लष्कराची. प्रत्येकाजवळ अर्धे कापड, सुमारे पाच फूट लांब आणि रुंदीला थोडे कमी, कडेला बटणे व काजी. दोन सोबत्यांनी आपापले तुकडे जोडायचे आणि दोरीवर टाकून चार कोपरे खुंट्यांना बांधायचे. खांब नसले तर संगिनी लावलेल्या दोन बंदुका उलट्या जमिनीत रोवत आणि त्यांच्या घोड्याच्या कड्यांमधून दोरी ताणत. दोन्ही टोके उघडीच. तिसरा सोबती मिळाला तर त्याच्या तुकड्याने एक बाजू झाकता येई. हे खुराडे कुत्र्यालाच शोभेल, असे म्हणून शिपायांनी त्याची भरपूर टिंगल केली. अधिकाऱ्यांना मात्र उभ्या कनातींचा, ताठ उभे राहता येईल असा तंबू मिळे.

हिवाळ्यात लढाया थंडावल्या की पालाचे छप्पर होई. ओंडक्यांच्या भिंती, फटींत चिखलाचा गिलावा, वर जोडलेली कापडे आणि एका बाजूला काटक्या-मातीचे धुराडे. धुराड्यावर बूड काढलेले पिंप बसवण्याची टूम निघाली. ती पिंपे अधूनमधून पेटत आणि छावणीला करमणूक होई. १८६३–६४ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियातील ब्रँडी स्टेशनभोवती उत्तरेची लाखभर फौज उतरली, तेव्हा आसपासची झाडी झपाट्याने संपली.

कापडाचा तुटवडा दोन्हीकडे होता, पण उलट कारणांनी. दक्षिणेत कापूस होता, गिरण्या थोड्या. उत्तरेत गिरण्या होत्या, कापूस अडलेला. (हाच अडलेला कापूस मुंबईच्या बाजारात १८६५ पर्यंत टिकलेल्या तेजीचे कारण.) दक्षिणेच्या शिपायाला बरेचदा लुटीत मिळालेल्या उत्तरेच्या तंबूवर किंवा घोंगडीवर भागवावे लागे. जॉर्जियातील अँडरसनव्हिल तुरुंगतळावर १८६४ मध्ये उत्तरेचे कैदी उघड्यावरच ठेवले होते. साडेसव्वीस एकरांत ऑगस्टमध्ये सुमारे ३३ हजार माणसे होती. ज्याच्यापाशी पालाचे कापड उरले त्याला डोक्यावर काहीतरी मिळाले. कित्येकांनी जमिनीत बिळे खणली. तिथे एकूण १३ हजारांच्या आसपास कैदी मेले, मुख्यतः रोग आणि उपासमारीने.

जखमींसाठीचे तंबू मोठे असत, एकेकात आठ-दहा खाटा, आणि ते टोकाला टोक जोडून लांब दालन करता येई. गेटिसबर्गच्या लढाईनंतर उभारलेल्या कॅम्प लेटरमनमध्ये असे चारशेहून अधिक तंबू होते. खेळती हवा असल्याने कोंदट घरांपेक्षा तंबूत जखमा बऱ्या होतात, असे अनेक शल्यविशारदांचे मत झाले.

दोन तुकडे जोडायचे पाल अमेरिकी लष्कराने युद्धानंतरही सोडले नाही. दुसऱ्या महायुद्धातील शिपायाच्या सामानातही त्याचा अर्धा तुकडा होता.