जीर्णोद्धार कीं डागडुजी?

जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं चाललेल्या मोडतोडीस कंटाळून विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं लंडनमध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणाकरितां मंडळ काढलें. वेळच्या वेळीं डागडुजी करा, नवें रूप देऊं नका, हें त्याचें सांगणें. सर जॉन मार्शल यांनीं १९२३ च्या आपल्या नियमपुस्तकांत हिंदुस्थानांतील स्मारकांस त्याच जातीचें धोरण लाविलें. आमच्या वाड्यांच्या गवंड्यांस मात्र हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं. घाणींत मळलेला चुना, पाडकामांतल्या विटा, तुळईचें कुजलेलें टोंक तेवढें कापून दिलेला सांधा, पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळणें, खर्च बेताचा. आतां भिंत ओलावली कीं सिमेंटचा गिलावा! चुन्यांतून ओल बाहेर पडते. सिमेंटखालीं ती कोंडते. वरून गिलावा शाबूत दिसतो, आंत विटेचा भुगा होत असतो, आणि शेवटीं भिंतच उतरवावी लागते.