हौद आणि कोथिंबीर

स्थळवर्णन लिहायचे तर ते चालता चालता लिहावे, असा एक विचार मध्यंतरी माझ्या डोक्यात शिरला. असले विचार वेळीच बाहेर काढण्याचे खाते आमच्या घरी सौ.कडे आहे. पण त्या दिवशी ती डाळ निवडण्यात गुंतली होती. "जाताच आहात तर येताना मंडईतून कोथिंबीर आणा," एवढेच म्हणाली.

पहिला मुक्काम शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्यासमोर उभा राहून मी वहीत लिहिले, 'पायाभरणी १७३०, आग १८२८'. तेवढ्यात मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, पत्ता शोधताय की रस्ता अडवताय?" पुण्यात चालणे हाच पूर्णवेळचा उद्योग आहे, त्यात लिहिणे बसत नाही, हे मला तेव्हा कळले.

पेठांची नावे मात्र न लिहिताही पाठ असतात. सदाशिव पेठ १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंची, नारायण पेठ १७७३ साली याच वाड्यात मारल्या गेलेल्या नारायणरावांची. एवढी मोठी दुःखे आपण रोज पाकिटावर लिहितो आणि वर पिनकोड विसरतो!

बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपाशी थांबलो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. आपल्याकडे आठवण ठेवायची म्हणजे आधी जागा मोकळी करावी लागते.

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात वही उघडली मात्र, वरून एका आजींनी हटकले.

"कॉर्पोरेशनचे का हो?"

"नाही आजी, मी नुसतं लिहितोय."

"नुसतं कोण लिहितं? बिल्डरचे असाल!"

गुडघ्यांवर हात ठेवत त्या खाली आल्या. वाडा दिवाळीनंतर पाडायचा होता. "पाडेनात का. लिफ्ट मिळणार आहे, माझ्या गुडघ्यांचा प्रश्न सुटला. पण आलाच आहात तर लिहून घ्या, या चौकात हौद होता. कात्रजचं पाणी यायचं."

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या बांधीव नळांतून शहरात पाणी आणले. पंप नाही, वीज नाही. सगळा कारभार उताराच्या जोरावर. काळा हौद, बदामी हौद ही त्यातलीच नावे. आता या पेठांच्या पोटातून २०२४ पासून मेट्रो धावते. मी मात्र आयुष्यभर 'काळ्या हौदापाशी' असा पत्ता सांगत आलो आणि हौद कसला, हे कधी विचारले नाही.

"पानशेत फुटलं ना, एकसष्ट सालच्या बारा जुलैला, तेव्हा मी नवी नवरी," आजी सांगत होत्या. "नळ बंद. सासूबाईंनी दिंडी सताड उघडली. सगळ्या बोळानं पाणी नेलं. इतक्या सोवळ्याच्या बाई, पण एकालाही जात विचारली नाही त्यांनी. ते लिहा आधी!"

मी लिहिले. याच पुण्यात १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. तिथून ही दिंडी उघडायला ९३ वर्षे लागली, आणि तीही पूर आल्यावर! तरी उघडली हे खरे. ते अंतर कुठल्या दप्तरात नव्हते. एका आजींच्या तोंडी होते, आणि दिवाळीनंतर तो चौकही राहणार नव्हता.

घरी आलो तर सौ. दारातच. "कोथिंबीर?"

मी वही पुढे केली. तिने ती उभ्याउभ्याच वाचली. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"पेशव्यांची नावं सालांसकट आहेत," ती म्हणाली, "आणि त्या सासूबाईंचं नाव?"

ते मी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघालो. कोथिंबीरही राहिलीच होती.