काचेवर सापडलेला चंद्र

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहिले. तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षं नवा चंद्र शोधायचा म्हणजे रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. १८९२ मध्ये बर्नार्ड यांना गुरूचा अ‍ॅमल्थिया असाच दिसला. नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून हेरलेला तो शेवटचा चंद्र.

अंधुक ठिपक्याकडे तासभर टक लावली म्हणून तो उजळत नाही. डोळा प्रकाश साठवत नाही. फोटोची काच साठवते. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवत ठेवली, की त्याच जागी थेंबाथेंबाने प्रकाश साचतो आणि डोळ्याला कधीच न दिसलेलं काही काचेवर उमटतं.

पेरूमधल्या अरेकिपाला हार्वर्डची वेधशाळा होती. ऑगस्ट १८९८ मध्ये तिथल्या २४ इंची ब्रूस दुर्बिणीतून डिलाइल स्ट्युअर्ट यांनी शनीभोवतालच्या आकाशाच्या प्लेटा, म्हणजे फोटोच्या काचा, घेतल्या. त्या तपासल्या विल्यम पिकरिंग यांनी. वेगवेगळ्या रात्रींच्या काचा एकमेकींवर ठेवल्या, की तारे ताऱ्यांवर बसतात. एक ठिपका मात्र बसेना. शनी सरकत होता तसा तोही सरकत होता! मार्च १८९९ मध्ये शनीचा नववा चंद्र जाहीर झाला : फीबी. छायाचित्रात सापडलेला हा पहिला चंद्र.

ही रीत फसवीही आहे. काचेवरचा डागसुद्धा ताऱ्यासारखाच दिसतो. पिकरिंग यांनी १९०५ मध्ये प्लेटांवरूनच शनीचा दहावा चंद्र जाहीर केला, थेमिस. तो पुन्हा कुणालाच सापडला नाही. फीबी मात्र टिकला. शनीपासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवरून, शनीच्या मोठ्या चंद्रांच्या उलट दिशेने, तो साधारण ५५० दिवसांत एक फेरी पुरी करतो. १९०४ मध्ये पेराइन यांना गुरूचा हिमालिया याच वाटेने मिळाला, आणि मग ही वाट रुळली.

शोधाचं श्रेय पिकरिंग यांच्या नावावर आहे. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा अरेकिपाला थंडीत प्लेटा घेणाऱ्या स्ट्युअर्ट यांचा आहे.

११ जून २००४ रोजी कॅसिनी यान फीबीपासून सुमारे २,००० किलोमीटरवरून गेलं. जेमतेम २१३ किलोमीटर व्यासाचा, खड्ड्यांनी भरलेला, काळपट पृष्ठाखाली बर्फ दडवलेला तो गोळा यानाने घेतलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. नासाने ती सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. जरूर शोधून पाहा, आणि पाहताना काचेवरचा तो न जुळणारा ठिपका आठवा.